आईचा ऑल-इन

गणपती गेले की आमच्या लालबागच्या गल्लीत सगळ्यात आधी काय परत येतं माहीत आहे? मासळीचा वास. दहा दिवस नुसता धूप, कापूर, झेंडू आणि दर्शनाच्या रांगेतल्या माणसांचा घाम. मग विसर्जनानंतर मांडवाचे बांबू सुटायला लागतात, रस्त्यात सुतळीची भेंडोळी लोळत असतात, आणि अकरा-साडेअकराच्या सुमाराला कुठल्या तरी खिडकीतून बांगड्याच्या तिखल्याचा वास खाली उतरतो. तिरफळं घातलेला. श्रावणापासून जीभ आवळून बसलेली आमची चार मजली बिल्डिंग एकदम सैल होते. जिन्यात भेटेल तो 'काय, भाऊच्या धक्क्यावर जाऊन आलात वाटतं?' असं विचारतो आणि न विचारता पिशवीत डोकावतो.

यंदाही तो वास आला. मी गॅलरीत दात घासत उभा होतो. हो, अकरा वाजता. नोकरी नसलेल्या माणसाची सकाळ तेव्हाच होते. लोकांना या वासाने भूक लागते. माझ्या अंगावर मात्र गेल्या वर्षीचा भाद्रपद येतो, आईसकट, तिच्या नाचणीच्या भाकरीसकट. सांगून टाकलं की मन मोकळं होतं म्हणतात. माझं होईल असं मला वाटत नाही, तरी सांगतो.

मी पोकर खेळतो. मोबाईलवर, स्पर्धा. जुगारी म्हणा हवं तर, मला राग येत नाही. खेळ थोडक्यात असा. सुरुवातीला प्रत्येकाला सारख्या चिप्स मिळतात. दोन पत्ते आपल्या हातात, फक्त आपल्याला दिसणारे. पाच पत्ते मधे, सगळ्यांचे, आणि ते एकदम नाही, टप्प्याटप्प्याने उघडतात. दर टप्प्याला बेट लावायची, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. मधे जमलेल्या चिप्सच्या ढिगाला पॉट म्हणतात. शहाणा माणूस पॉट बघून बेट लावतो. मधे तीन हजार चिप्स असतील तर हा दीड-दोन हजार लावेल. चिप्स संपल्या की स्पर्धेतून बाहेर, घरी जा. आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चिप्स एका दमात पुढे ढकलणं म्हणजे ऑल-इन. मी ऑल-इनवाला.

म्हणजे मधे मूठभर चिप्स पडलेल्या आणि मी पुढे तीस हजार ढकलणार. काय मजा यायची म्हणून सांगू! समोरचे आठही जण पटापट पत्ते टाकायचे. कोण कुठले इंजिनिअर, डॉक्टर, परदेशात शिकून आलेले, सगळे माझ्यापुढून मागे सरायचे. माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात बारा वर्षं मी स्टोअर सांभाळलं, नट-बोल्ट, गास्केट, रंगाचे डबे. त्या बारा वर्षांत माझ्यापुढून कधी कोणी मागे सरलं नव्हतं. 'संदेश, बाजूला हो,' हेच ऐकत आलो. मोबाईलवर मात्र माझं नाव दिसलं की माणसं बाजूला व्हायची. ती चटक लागली. पत्त्यांची लागली म्हणतात लोक, पण मला तरी त्या बाजूला होण्याचीच लागली होती.

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या केदारने मला हे पहिल्यांदा तोंडावर सांगितलं. केदार माझ्यासारखाच स्पर्धा खेळणारा, पण हिशेबाने, बँकेतली नोकरी सांभाळून. आमची ओळख मोबाईलवरच्या टेबलावर झाली आणि मग कळलं की दोघं दादर-लालबागचे, तर भेटायला लागलो. एकदा पीयूषचे ग्लास समोर ठेवून तो म्हणाला, "संदेश, एक विचारू? मधे तीन हजार असताना तू तीस हजार का लावतोस?"

"घाबरवायला."

"घाबरतात ना. ज्याच्याकडे काही नाही तो घाबरून पळतो आणि तुला ते तीन हजार मिळतात. पण ज्याच्याकडे तुझ्यापेक्षा चांगले पत्ते आहेत तो कशाला पळेल? तो थांबणारच. म्हणजे तुझ्या एवढ्या मोठ्या बेटला उत्तर देणारा नेहमी तुला हरवणाराच असतो. जिंकलास तर चिल्लर, हरलास तर सगळं."

"पण जिंकतो तर खरं!"

"दहादा जिंकशील. अकराव्यांदा बाहेर. आणि खरं सांगू? ती ताकद नाहीये. तुला पुढचा पत्ता उघडायची भीती वाटते. अजून दोनदा-तीनदा विचार करावा लागेल, निर्णय घ्यावा लागेल, ते तुला नको असतं. सगळं ढकलून दिलं की विचार करायचं काम संपतं. चिप्स अगदी तळाला गेल्या असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा ऑल-इनशिवाय दुसरी चालच नसते. पण तू भरल्या ताटावरून उठतोस."

मी हसलो. 'तू आपला पुस्तकी रे' असं काहीतरी म्हणालो आणि पीयूष संपवलं. पण परत येताना हिंदमाताच्या पुलाखालून चालताना ते वाक्य पायात येत राहिलं. कारण तो पत्त्यांबद्दल बोलत होता आणि मला भलतंच आठवत होतं. यार्डातल्या साहेबाने 'रविवारी ये' म्हटलं होतं. मला फक्त 'या रविवारी जमणार नाही' एवढं म्हणायचं होतं. मी बारा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला. प्रभादेवीची एक मुलगी होती, लग्न जवळजवळ ठरलेलं. ती म्हणाली, "हे खेळणं जरा कमी करशील का?" जरा म्हणाली हो! मी म्हणालो, "मग लग्नच नको." दोघांनीही पत्ते टाकले आणि मी जिंकलो. साहेबाने राजीनामा ठेवून घेतला, ती मुलगी आता बोरिवलीला असते.

मग बाबांचं वर्षश्राद्ध. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, श्रावणातली, आणि नेमका रविवार. रविवारी दुपारी दोनला मोठी स्पर्धा असायची, पण त्या दिवशी मी सकाळचीच एक छोटी धरली होती, म्हटलं गुरुजी यायच्या आत बाहेर पडू. कसलं काय! त्या दिवशीच पत्ते लागले. गुरुजी आले, पाट मांडले, दर्भ झाले, आणि मी गॅलरीत शेवटच्या नऊ जणांत. आतून हाक आली. म्हटलं, आलोच. परत हाक आली. म्हटलं, पाच मिनिटं. मग आई स्वतः दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला, थांब म्हणून. तिच्यादेखत मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि समोरच्याकडे दोन एक्के निघाले. आत गेलो तेव्हा माझ्या चुलतभावाने तीळपाणी सोडून टाकलं होतं. आईने मला पान वाढलं. एक शब्द बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी बरं झालं असतं.

ती बोलली ती चतुर्थीला, आणि बोलली ती सगळ्या बिल्डिंगसमोर.

आमच्या बिल्डिंगच्या गणपतीला आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. सगळी माणसं मूळची मालवण-कणकवलीकडची, त्यामुळे ते टळत नाही. परबकाका हात जोडून पुढे उभे राहतात, कोणाचं काय मागणं असेल ते देवाला ओरडून सांगतात, आणि दर मागण्याला सगळ्यांनी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचं मूत्रपिंड, कोणाची बारावी. नवस काय बोलायचा ते बाया आधीच काकांच्या कानात सांगून ठेवतात. आईनेही सांगितलं होतं, मुलाचा खेळ सुटावा म्हणून पाच नारळ. काका म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या बायेच्या झीलाक त्या मोबाईलच्या खेळाचा याड लागला हा, ता सुटांदे, ही बाय तुका पाच नारळ..." आणि आई मधेच बोलली. आयुष्यात चार माणसांत आवाज न काढलेली बाई.

"नारळ नाय. माझ्या झीलाचो खेळ सुटापर्यंत मी भात खावचंय नाय."

झांजा धरलेली पोरंसुद्धा तिच्याकडे बघायला लागली. मग काकांनी सवयीने हात वर केले आणि सगळे ओरडले, व्हय म्हाराजा! त्यात मीही ओरडलो. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. आईच्या नवसाला माझाच होकार. ते आठवलं की अजून कान तापतात.

भात सोडणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी एवढंच समजा की तिने ताटातला एक पदार्थ सोडला नाही, ताटच सोडलं. भात गेला म्हणजे तांदळाची भाकरी गेली, घावणे गेले, आंबोळ्या गेल्या, पेज गेली. आणि धंदा तिचा डबे करायचा! लोअर परळच्या काचेच्या टॉवरांत नोकरी करणाऱ्या बारा जणींना ती रोज मालवणी जेवण पोचवायची. सकाळी सातला टोपभर भात रटरटायला लागायचा. शिजला की नाही ते बघायला ती शीत दोन बोटांत दाबून बघायची, तोंडात टाकायची नाही. भात ओसरला की टोपाच्या बुडाशी जी खरवड राहते ती तिला फार आवडायची, ती आता शेजारच्या मांजराला जायची. आणि ही बाई कोपऱ्यात बसून नाचणीच्या भाकरीचा तुकडा आमटीत बुडवणार.

परबकाकींनी तिला जिन्यातच धरलं होतं. "अगो, नवस झेपात एवढोच बोलाचो असता. पाच नारळ बोलाचे, एक वेणी बोलाची. भात बोलतत काय कोण? खुळावलंस तू?"

आई म्हणाली, "माझ्याकडे आणि काय आसा बोलूक?"

हे मी वरच्या पायरीवरून ऐकलं. आणि देवाशपथ सांगतो, मला तेव्हा केदार आठवला. चिप्स तळाला गेलेल्या माणसाची चाल. नवरा गेलेला, मुलगा हा असा, गुडघे धरलेले. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. पत्ते टाकून द्यायचे, नाहीतर सगळं पुढे ढकलायचं. तिने ढकललं. आयुष्यभर भाजीवाल्याशी एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी तासभर बोलणारी बाई, तिने पॉट बघितला नाही की मागचापुढचा विचार केला नाही. माझ्यासारखीच ढकलली सगळी रास. फरक एवढाच की तिची चाल बरोबर होती.

आता कोणालाही वाटेल की आईने एवढं केल्यावर मुलगा ताळ्यावर आला असेल. डोंबल ताळ्यावर! उलट झालं. ती मला म्हणाली असती ना, की बाबा रे, रविवारचा एक दिवस खेळू नकोस, तर कुणी सांगावं, मी ऐकलंही असतं. एक रविवार सोडायला काय लागतं? पण तिने भात मधे टाकला आणि पॉट केवढा मोठा झाला. रोज दुपारी तिची ती भाकरी दिसायची आणि रोज पॉट वाढायचा. आता नुसतं सोडून उठायचं कसं? मग तिचे हे दिवस कुणी भरून द्यायचे? मी मनाशी ठरवलं होतं की एक मोठी स्पर्धा मारायची, पहिला नंबर, तिच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं, म्हणायचं, हे घे, तुझ्या भाकरींचं चीज झालं, आणि मग सोडायचं. खेळणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो हे मला ठाऊक होतं. तरी माझं वेगळं आहे असं वाटायचं. तसं वाटणं हेही प्रत्येकाचं असतं.

केदारला मी हे फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, "संदेश, त्या टेबलावर पत्ते टाकू शकणारा एकटा तूच आहेस रे. तुझी आई देवाशी खेळत नाहीये, तुझ्याशी खेळतेय." नंतर त्याने खेळ सोडला. त्याच्या मुलीला बुद्धिबळ शिकवतो असं कळलं. आता तो माझे फोन उचलतो, पण घाईत असतो.

वर्ष असंच गेलं. पुढच्या श्रावणात, म्हणजे गेल्या वर्षी, कायदा आला. पैसे लावून खेळायची ॲप एका झटक्यात बंद. सकाळी उठून बघतो तर स्पर्धांची यादी कोरी, वर एक निरोप, आपण दिलेल्या साथीबद्दल आभार वगैरे. मी तसाच आत धावलो. आई विळीवर नारळ खवत होती.

"आई, सुटलं! बंद झालं सगळं. कायदाच आला. आता खेळताच येणार नाही."

तिने हात थांबवला. चेहरा उजळला, खोटं नाही सांगत, एक क्षणभर उजळला. मग तिने विचारलं, "तू सोडलंस, काय त्येंनी बंद केल्यानी?"

"अगं, काय फरक पडतो? खेळ नाही म्हणजे नाही!"

"उद्या परत चालू झालो तर?"

झालं.  एवढ्या वर्षांत एवढी सरळ बेट मला कुणी लावली नव्हती. छोटीशीच, पॉटाएवढी. 'नाही खेळणार' एवढंच उत्तर. ते तोंडातून येईना. मी उगाच नळ नीट बंद करत बसलो. तिने पुन्हा नारळ खवायला घेतला. "बंद झालो तो येगळो, सुटलो तो येगळो," म्हणाली, आणि दुपारी तव्यावर नाचणीचीच भाकरी पडली.

त्या गणपतीत तिने एकवीस मोदक वळले. उकडीचे, तांदळाच्या पिठीचे. परबकाकी म्हणाल्या, प्रसाद नाकारू नये गो, देव कोपेल. तर हिने एका मोदकाचं आवरण सोलून माझ्या ताटात ठेवलं आणि आतलं सारण तेवढं खाल्लं. ते पांढरं, रिकामं, निऱ्या पडलेलं आवरण मी खाल्लं. आणि पाचव्या दिवशी यार्डातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने कुठल्या तरी परदेशी साइटची लिंक पाठवली. लगेच उघडली मी. विचारसुद्धा केला नाही. 

तिला कसं कळलं ते मला ठाऊक नाही. माझ्या अंगठ्यावरून कळलं असेल. ऑल-इन करताना मी अंगठा जरा वर उचलतो आणि मग खाली आणतो. तिने ते श्राद्धाच्या दिवशी जवळून बघितलं होतं.

विसर्जन झालं, मासळीचा वास परत आला, आणि आईला ताप भरला. आधी अंगावर काढला. डबे कोण देणार म्हणून दोन दिवस तशीच ओट्याशी उभी राहिली. मग ओट्याशीच बसली. परळच्या हॉस्पिटलात नेलं, टायफॉइड निघाला. पोटात काही ठरेना. दूध उलटून पडायचं, नाचणीची आंबील उलटून पडायची. वॉर्डातली डॉक्टर, लहान वयाची, हसरी मुलगी, तिने सांगितलं, "काकूंना तांदळाची पेज द्या. पातळ, मिठाची. बाकी काही नको सध्या."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "भात नको."

"भात नाही हो काकू, पेज."

"तांदूळ नको."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नवस आहे. तिने विचारलं, कसला?  म्हटलं, घरगुती आहे. ती म्हणाली, "मग घरच्यांनीच सोडवा आणि लवकर सोडवा. नुसत्या सलाइनवर किती दिवस ठेवू? या वयात अंगात काही राहत नाही." हसरा चेहरा तेव्हा हसत नव्हता.

दुपारी परबकाकी उकड्या तांदळाची पेज डब्यात घालून घेऊन आल्या. मी वाटीत ओतली. वाफेबरोबर तो वास आला आणि आईने डोळे उघडले. बारीक झालेला चेहरा, ओठांना साल धरलेली. वाटीकडे नाही बघितलं तिने, माझ्याकडे बघितलं.

"सुटलो काय रे?"

आता मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणू शकलो असतो, नाही गं सुटला, पण तू पी. मी म्हणू शकलो असतो, आजपासून बघतो, आजचा दिवस नाही खेळत. एवढं छोटं बोललो असतो तरी तिने त्यातलं काहीतरी घेतलं असतं, आणि ते मला पाळताही आलं असतं. पण मला ते छोटं कधी आलंय? मी वाटी खाली ठेवली, तिचा हात धरला आणि वॉर्डात ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरू झालो. "सुटला, आई! तुझी शपथ! बाबांची शपथ, गणपतीची शपथ! आयुष्यात परत हात लावला तर माझे हात झडून पडतील, मी..." शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. काकींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना खरं वाटलं.

आई माझ्याकडे बघत होती. नऊ-नऊ माणसांच्या टेबलांवर ज्यांना माझे पत्ते ओळखता आले नाहीत, त्यांच्यात असं बघणारं कुणी नव्हतं. पत्त्याला कधी हात न लावलेली बाई, तिला माझा सगळा खेळ ठाऊक होता.

"एवढा मोठा कित्याक बोलतंस रे?" ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल अशी. "खरा असता तेवा माणूस बारीक बोलता."

मी मान खाली घातली. तिने वाटीकडे बघितलं. मग म्हणाली, "दी ती पेज."

सात चमचे घेतले तिने. मी मोजले. काकी म्हणाल्या, "बघ, देव पावला!" मी रुमालाने आईचे ओठ पुसले आणि खाली आलो. हॉस्पिटलच्या आवारात एक वडाचा पार आहे, तिथे चहा घेऊन बसलो. रविवार होता, दोन वाजायला आले होते. पुढचं न सांगताही चाललं असतं, पण सांगतो. खेळलो. आणि लाज अशी की त्या दिवशी पत्ते लागत होते.

आई बरी झाली. दोन आठवड्यांनी घरी आली, महिन्याभरात डबे सुरू झाले. आता ती दोन्ही वेळ भात खाते, तिखल्याशी, सोलकढीशी, खरवडसुद्धा खाते. गालावर मांस आलंय. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बरं वाटतं. संदेशचं सुटलं एकदाचं, नवस फळला, असं बोलतात. काकी मधूनमधून विचारतात, "नवस फिटलो तर नारळ तरी ठेव गो देवाकडे." आई म्हणते, "ठेवूया." वर्ष झालं, अजून ठेवलेला नाही. ठेवणारही नाही. ती खोटा नारळ ठेवणारी बाई नव्हे. यंदाच्या गाऱ्हाण्याला परबकाकांनी तिला विचारलं, "तुझा काय गो?" ती म्हणाली, "माझा काय नाय." सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मी घरी आल्यावर विचारलं, काहीच कसं नाही मागितलंस? तर म्हणे, "सगळ्यांका बरा ठेव म्हटलंय." सगळ्यांत मी आलो असेन, कदाचित.

नवस फिटला म्हणून ती भात खात नाही. तिने माझ्यावर लावलेलं सगळं काढून घेतलं, म्हणून खाते. त्या दुपारी वाटीतली पेज मागितली तेव्हाच काढून घेतलं. मी इतकी वर्षं लोकांना पत्ते टाकायला लावत आलो, शेवटी आईलाही टाकायला लावले. वर्षभर भाकरी खाणारी आई मला नकोशी झाली होती. आता भात खाणारी आई समोर बसते आणि मला तिच्या पानाकडे बघवत नाही. तिच्या भाकरीत माझी वाट तरी बघितली जात होती.

परवाच्या रविवारी ती जेवायला हाक मारेना म्हणून मीच आत गेलो. पान वाढलेलं होतं, भात, बांगड्याचं तिखलं, कांदा चिरलेला. ती भिंतीशी वाकून काहीतरी करत होती. स्विचजवळ माझा मोबाईल, वायर लावलेला.

"चार्जिंगाक लावलंय तुझो मोबाईल," ती म्हणाली. "मगे मधीच बंद पडात. जेव आदी, आणि बस तुझ्या खेळाक."

आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. दुधाची पिशवी आणलीय म्हणावं तशी बोलली. मी पानावर बसलो. जेवलो, हात धुतला, आणि मोबाईल काढून घेतला.